खळं आणि वेदी

नगर जिल्ह्यात बाजरीची कणसं खुडून झाली की पूर्वी आधी खळं धरलं जायचं. जागा साफ करायची, पाणी मारून चोपून घ्यायची, शेणानं सारवायची. मधोमध तिवडा रोवायचा आणि त्याभोवती बैलांची पात फिरायची. मळणी आटोपली की वारा सुटायची वाट बघायची, वावडीवर उभं राहून उफणायचं आणि मग रास लावायची. राशीची पूजा झाल्यावर माप सुरू व्हायचं. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत.

हा लाभ मोजला जात असताना खळ्याच्या कडेला माणसं उभी असायची. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट. सगळ्यांच्या मागं, सगळ्यांत लांब, महार आणि मांग. वर्षभर गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, दोर वळायचे आणि सुगीत खळ्यावर येऊन बलुतं मागायचं. पदरात किती पडेल हे राशीच्या मालकाच्या मनावर. कधी खळ्याच्या तळाशी उरलेलं, माती मिसळलेलं धान्य झाडून न्यायचं, घरी जाऊन पाखडायचं आणि त्याची भाकरी करायची. ज्यांच्या हातांनी पीक काढलं त्यांचा त्या पिकावरचा हक्क असा पाखडून, वेचून मिळायचा.

नेवासा, राहुरी, शेवगाव, श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या तालुक्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बहुसंख्य घरं याच माणसांच्या वंशातली आहेत. त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी पिकाचा सण होतो. कुणी त्याला हंगामाचा सण म्हणतं, कुणी उपकारस्तुतीचा. त्या दिवशी वेदीपुढे धान्याची रास लागते आणि प्रत्येक घर आपली टोपली घेऊन पुढे जातं. या सणाकडे निसर्गाचे आभार मानण्याचा एक गोड सोहळा म्हणून पाहणं सोपं आहे. मला त्यात त्याहून मोठं काहीतरी दिसतं. ज्यांच्या आज्या-पणज्या खळ्यावर ओटी पसरून उभ्या राहिल्या, त्यांच्या हातात इथे पहिल्यांदा द्यायची टोपली आली. एखाद्या घराचं स्वागत करायचं म्हणजे त्याला जेवायला बसवायचं, हे खरंच. पण त्याच्याकडून काही मागून घेणं, त्याची मूठभर बाजरी मानानं स्वीकारणं, हे स्वागत त्याहून खोल जातं.

सणाचा दिवस सगळीकडे एक नसतो. कुठे तो दिवाळीच्या आगेमागे, खरीप घरात आल्यावर धरतात, कुठे नोव्हेंबरात, तर रब्बीच्या भागात ज्वारी निघाल्यावर. पाळकसाहेब आधीच्या रविवारी दिवस जाहीर करतात आणि घराघरात बेत सुरू होतात. शनिवारी रात्री तरुण संघाची पोरं चर्च सजवतात. खांबांना उसाची हिरवी वाढ्यासकट टिपरी बांधतात, दारावर झेंडूचं तोरण, वेदीच्या दोन्ही अंगांना बाजरीच्या कणसांच्या जुड्या. मक्याची कणसं सोलून, त्यांची साल मागे ओढून बांधून ठेवलेली. रविवारी सकाळी ओळ लागते. पुढे लहान मुलं, त्यांच्या हातात पेरू नाहीतर सीताफळ. मागं बाया, पदर डोक्यावर, डोक्यावरच टोपली.

त्या टोपल्यांत काय असतं हे जवळ जाऊन बघण्यासारखं आहे. बाजरी, मका, सोयाबीन, कांदे, भोपळा, गवारीची पाटी, मेथीच्या जुड्या हे तर असतंच. पण ज्याला शेत नाही तो काय आणतो? एखादी म्हातारी पदराच्या गाठीतून दोन अंडी काढून ठेवते. कुणी पाय बांधलेली कोंबडी आणतं आणि ती सगळ्या प्रार्थनेत मधूनमधून आपलं म्हणणं मांडत राहते. कुणाच्या घरी शेवया वळलेल्या असतात, कुणाकडे कुरडया. गवंडीकाम करणारा माणूस पाकिटात एका दिवसाची हजेरी घालून आणतो. शिक्षक, परिचारिका, एसटीत नोकरीला असलेले, निवृत्तिवेतन घेणारे आपापल्या परीनं. वेदीपुढे गेल्यावर या सगळ्या वस्तू एकमेकींत मिसळतात आणि कुणाची टोपली केवढी हे ओळखू येत नाही. पाळक हात वर करून अर्पणाची प्रार्थना करतात, पेटी-तबल्यावर गीत सुरू होतं आणि टाळ्या पडतात.

नगर शहरातल्या मोठ्या मंडळ्यांत याचं रूप थोडं निराळं असतं. तिथे बहुतेक कुटुंबं नोकरदार, त्यामुळे वेदीपुढे मार्केट यार्डातून आणलेली सफरचंदं आणि केळ्यांचे घडही दिसतात. त्यात गैर काही नाही, ज्याची कमाई पगाराची त्याचं पीकही पगारच. तरी मला विचाराल तर खेड्यातल्या वेदीपुढची ती दोन अंडी मला जास्त सांगून जातात.

उपासना संपली की मांडवात लिलाव सुरू होतो. हा या सणाचा सगळ्यांत बोलका भाग. मंडळीतला एखादा खड्या आवाजाचा माणूस पुढे येतो. कोथिंबिरीची जुडी उचलतो, तिचं वर्णन करतो आणि बोली लागते. बाजारात जी जुडी नाण्यावर मिळते ती इथे शंभराच्या पुढे जाते. 'एकवार, दोनवार...' म्हणत तो थांबतो, मागून आणखी एक हात वर होतो. ज्यानं जुडी घेतली तो ती घरी नेत नाही. पुन्हा लिलावात टाकतो, किंवा मंडळीतल्या एखाद्या एकट्या म्हातारीच्या हातात देतो. त्या दोन अंड्यांनाही बोली लागते आणि ती आणणारी बाई कोपऱ्यातून ऐकत असते की आपल्या अंड्यांचे किती झाले. शेजारचे हिंदू, मुसलमान, बौद्ध गावकरी मांडवात येऊन बसलेले असतात, तेही बोली लावतात. पुणे-मुंबईला नोकरीसाठी गेलेली मुलं या दिवशी गावी आलेली असली तर लिलाव हमखास चढतो. जमलेल्या पैशातून चर्चचे पत्रे बदलायचे असतात, पाळकाच्या पगाराला हातभार लावायचा असतो, कुणाच्या आजारपणाला द्यायचे असतात. मग पंगत बसते. ख्रिस्ती माणूस तिला प्रीतिभोजन म्हणतो.

हा सण नगरला दोन वाटांनी आला. अमेरिकन मराठी मिशनची माणसं न्यू इंग्लंडकडची. तिकडे सुगीनंतर उपकारस्तुतीचा दिवस पाळण्याची जुनी रीत होती. 1621 च्या शरदात प्लिमथच्या वसाहतीत झालेल्या जेवणाशी तिचं नातं सांगतात आणि 1863 मध्ये अब्राहम लिंकन यांनी यादवी युद्ध चालू असताना तो राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. इंग्लंडमध्ये चर्चच्या आत पिकाचा सण करण्याची आजची पद्धत त्या मानानं अलीकडची. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी 1843 च्या ऑक्टोबरात ती सुरू केली असं मानलं जातं. इंग्लिश चर्चच्या एसपीजी मिशननं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर भागात काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्या पेटाऱ्यात ही पद्धत होती. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि या दोन्ही परंपरांची चर्चं एका छत्राखाली आली.

पण बाहेरून आलेली रीत इथल्या मातीत रुजली ती त्यामागच्या शास्त्रामुळे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांचा विधी सांगितला आहे. जमिनीचं पहिलं उत्पन्न टोपलीत घालून याजकाकडे न्यायचं आणि तिथे उभं राहून आपल्या घराण्याची हकिगत सांगायची: आमचा पूर्वज भटका होता, आम्ही परक्या देशात राबलो, आम्हाला छळलं गेलं, देवानं आमचा आकांत ऐकला आणि ही जमीन दिली. म्हणजे टोपलीतलं धान्य आणि गुलामगिरीची आठवण एकदमच ठेवायची. आणि पुढे सांगितलं आहे की त्या दिवसाच्या आनंदात लेवी आणि तुमच्यात राहणारा परकाही असला पाहिजे. लेवीय पुस्तकातला नियम तर शेतकऱ्याच्या हातालाच धरतो. शेताच्या कडा पुरत्या कापू नका, पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या.

नगरच्या मंडळ्यांमध्ये या सणाला रूथची गोष्ट पुष्कळदा उपदेशाला घेतात. मवाबी विधवा, परक्या गावात आलेली, पोटासाठी बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी. ही गोष्ट ऐकणाऱ्या बाईला ती परकी वाटत नाही. सरवा तिनं लहानपणी आईबरोबर वेचलेला असतो. फरक इतकाच की बवाजानं आपल्या गड्यांना सांगून ठेवलं होतं की तिच्यासाठी मुद्दाम कणसं गाळा, आणि तिला जेवायला आपल्या माणसांत बसवलं. गावात असा बवाज क्वचितच भेटला.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं पडलं ते डिसेंबर 1831 मध्ये. अॅलन ग्रेव्हज, हॉलिस रीड, विल्यम हर्वी हे अमेरिकन आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. शहरात गोरगरिबांसाठी गरीबखाना होता. त्यात आंधळे, पांगळे, निराधार लोक असत. मिशनरी आणि बाबाजी तिथे जात, आणि 1833 मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या सभासदांत या गरीबखान्यातली माणसं होती. शहराच्या इतिहासात या गोष्टीची म्हणावी तशी नोंद घेतली जात नाही. किल्ला, निजामशाही, चांदबीबी यांच्यापुढे गरीबखान्यातल्या माणसांची मंडळी कुणाच्या डोळ्यात भरणार? पण भिक्षेवर जगणाऱ्यांना सभासद म्हणून नाव लावून, बरोबरीनं बसवणं हे त्या काळच्या नगरमध्ये अघटित होतं. बाबाजी त्यानंतर फार जगले नाहीत. रीड यांनी त्यांचं इंग्रजी चरित्र 1836 मध्ये प्रसिद्ध केलं.

1839 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या ब्राह्मण तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहरात गदारोळ झाला. हरिपंत पुढे पाळक झाले. मिशनचा दंडक होता की प्रभुभोजनात जातीचा भेद चालणार नाही. भाकर एक, प्याला एक. ज्या गावात महाराची सावली चुकवत, तिथे ब्राह्मण घरात जन्मलेला पाळक आणि महार सभासद एका प्याल्याला ओठ लावत होते. याच शहरात 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झालं आणि याच शहरात सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळेचं काम पाहून जोतिराव फुले यांना प्रेरणा मिळाली. हे शाळेचं आणि वर्तमानपत्राचं काम आपण जाणतो. एका प्याल्याची गोष्ट तितकी जाणत नाही.

पुढे खेड्यांत मंडळ्या वाढत गेल्या. नेवासा तालुक्यातलं वडाळा बहिरोबा हे सॅम्युएल फेअरबँक यांचं ठाणं. राहुरीला डॉक्टर बॅलंटाइन होते. मग दुष्काळ आले. 1876 ते 1878 चा, 1896-97 चा आणि पाठोपाठ 1899-1900 चा, ज्याला लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. मिशननं अनाथ मुलं सांभाळली, कामं काढली, धान्य वाटलं. नगरचे रॉबर्ट ह्यूम यांना छप्पन्नच्या दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारनं कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं. याच काळात खेड्यांतून बाप्तिस्म्यांची संख्या वाढली आणि तेव्हापासून एक टोमणा मागे लागला की हे भाकरीसाठी ख्रिस्ती झाले.

या टोमण्याला मी उत्तर देऊ इच्छितो. भुकेल्या माणसानं भाकरी देणाऱ्याचा हात धरला तर त्यात लाज कसली? लाज असली तर ज्यांच्या कणग्या भरल्या होत्या आणि तरी ज्यांनी ओट्यावरून हाकललं त्यांची. आणि भाकरी संपल्यावरही ही माणसं मंडळीत राहिली. चार-पाच पिढ्या राहिली. स्वतःचे पाळक पोसले, शाळेत पोरं घातली. नुसत्या भाकरीवर माणूस इतका काळ कुठे थांबत नाही. पिकाच्या सणाला वेदीपुढे भरलेली टोपली हे या टोमण्याचं त्यांनी दिलेलं उत्तर आहे. आम्ही घ्यायला आलो होतो म्हणता, तर बघा, आम्ही द्यायलाही आलो आहोत.

नारायण वामन टिळकांशिवाय नगरच्या ख्रिस्ती जीवनाविषयी लिहिता येत नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि पुढची अनेक वर्षं नगर-राहुरीत गेली. त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची, ओवीची, कीर्तनाची चाल दिली. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडलेली होतीच. आज खेड्यातल्या चर्चमध्ये पेटी, तबला आणि झांजेवर गीतं उठतात, बाया ठेका धरतात, ती ही देणगी. विलायती चालीवर ज्वारी-बाजरीचे आभार मानणं जड गेलं असतं.

पण स्वागताच्या अंगानं मला लक्ष्मीबाई टिळकांची वाट जास्त शिकवते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या दूर राहिल्या. पुढे त्याच्याकडे परत आल्या त्या सोवळं बरोबर घेऊनच. वेगळं पाणी, वेगळी चूल. मिशनच्या आवारात सगळ्या जातींतून आलेली माणसं आणि मध्ये त्या एकट्या आपलं पाणी सांभाळत. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे लपवलेलं नाही. ते सोवळं कुणी हिसकावून घेतलं नाही. ते त्यांनी स्वतः विचार करून, जात माणसानं केली आहे हे मनाशी पटवून सोडलं, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच लक्ष्मीबाईंनी कुणाकुणाच्या पोरांना आपल्या घरात वाढवलं. मंडळीनं त्यांना वेळ दिला. दार उघडं ठेवलं आणि उंबरा ओलांडायची घाई केली नाही. स्वागताची ही तऱ्हा सगळ्यांना जमत नाही.

या सणाची दुसरी बाजू जमिनीची आहे. पिकाचे आभार मानायचे तर पीक स्वतःचं हवं. महार वतनाची हाडकी हाडोळ्याची जमीन होती, पण ती वेठीच्या साखळीनं बांधलेली. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतनं रद्द व्हायला 1958 चा कायदा यावा लागला. कुणाला जमीन मिळाली, कुणाची हातची गेली. दरम्यान जिल्ह्याचा नकाशाच बदलला होता. 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. उत्तरेकडच्या तालुक्यांत पाणी खेळू लागलं. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडची जमीन मात्र पावसाच्या तोंडाकडे पाहत राहिली.

त्यामुळे एकाच जिल्ह्यात पिकाच्या सणाचे दोन चेहरे आहेत. श्रीरामपूरकडच्या वेदीवर ऊस, द्राक्षं, डाळिंबं. पाथर्डी-शेवगावकडे बाजरी, तूर, मटकी. आणि दुष्काळी भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात. कोयता हातात घेऊन दुसऱ्याची सुगी काढायला गेलेल्या माणसांची जागा त्या रविवारी रिकामी असते. खरं तर प्रार्थनेत त्यांची नावं पहिली घ्यायला हवीत.

पाऊस आपल्या हातात नाही, पण पडलेला पाऊस अडवणं हातात आहे, हे या जिल्ह्यात अनेकांनी सांगितलं. त्यांत हर्मन बाखर या स्विस जेझुइट फादरांचं नाव घ्यावं लागेल. ते 1948 मध्ये भारतात आले, नगरच्या सोशल सेंटरमधून त्यांनी शेतकऱ्यांबरोबर काम केलं आणि पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा केला. 1993 मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी 'वॉटर' ही संस्था स्थापन केली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणले गेले, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळली गेली, गावानं श्रमदान केलं. ही गावं ख्रिस्ती नव्हती आणि कुणी त्यांना ख्रिस्ती व्हायला सांगितलं नाही. फादर बाखर 2021 मध्ये गेले. पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याचा हाही एक मार्ग आहे, आणि तो फावड्यानं मानला जातो.

कॅथलिक परंपरेत सुगीचं गणित वेगळ्या तारखेला येतं. 8 सप्टेंबरला मारियामातेचा जन्मदिवस. वसईकडे या सुमारास शेतातली पहिली ओंबी चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात, मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो, गोव्यात कोणसांचें फेस्त त्याआधीच ऑगस्टमध्ये लागतं. तिकडे भात, इकडे बाजरी. नगर जिल्ह्यात याच सप्टेंबरच्या दिवसांत श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. 1949 पासून ती चालू आहे. संत तेरेजा चर्चच्या आवारात लाखाच्या घरात माणसं येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेली असंख्य. नवस फेडणारी, लेकराला पायाशी घालणारी, मेणबत्ती लावणारी. शेजारी जुन्या बेलापूर कंपनीचा ऊसमळा होता, मळ्यावर राबणारी माणसं होती, त्यांच्या भक्तीतून हे ठाणं मोठं झालं. तिथे कुणाला धर्म विचारत नाहीत.

इतकं सगळं लिहून झाल्यावर जे सलतं तेही सांगितलं पाहिजे. प्याला एक झाला, पण सोयरिकीत अजून मूळ जात विचारली जाते. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातली भिंत पुष्कळ गावांत उभी आहे. काही ठिकाणी चर्चच्या जमिनी आणि पदं यांवरून भांडणं कोर्टात गेली आहेत. आणि सरकारदरबारी तर या माणसांची गोष्ट आणखी अवघड. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. गाव त्याला जुन्या नावानं ओळखतं, आणि कागद म्हणतो की तुझी जात गेली. अशा माणसानं वेदीपुढे टोपली ठेवून आभार मानावेत, यात मला भाबडेपणा दिसत नाही. ज्याला कमी मिळालं त्याचे आभार जास्त खरे असतात असंही मी म्हणणार नाही, ते श्रीमंतांच्या सोयीचं बोलणं आहे. तो आभार मानतो कारण देणाऱ्याच्या ओळीत उभं राहणं हा त्याचा हक्क आहे आणि तो त्यानं मिळवला आहे.

2025 च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांत अतिवृष्टी झाली. ज्या तालुक्यांनी पाण्यासाठी डोळे लावले होते तिथेच उभी पिकं पाण्याखाली गेली, ओढ्याकाठची माती वाहून गेली. कपाशीची बोंडं झाडावर काळी पडली, बाजरीच्या कणसाला कोंब फुटले. अशा वर्षी पिकाचा सण करायचा का? बायबलमध्ये हबक्कूक संदेष्टा या प्रश्नाला सामोरा गेला आहे. अंजिराला फुलं नाहीत, शेतात अन्न नाही, गोठ्यात गाय नाही, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन असं तो म्हणतो. हा उपदेश करायला फार सोपा आणि ज्याचं शेत वाहून गेलं त्याला ऐकायला फार कठीण आहे. म्हणून माझं म्हणणं असं की सण जरूर करावा, पण अशा वर्षी ओळ उलटी लावावी. ज्यांचं पीक वाचलं त्या मंडळ्यांनी टोपल्या भरून आणाव्यात आणि ज्यांचं गेलं त्यांच्याकडे पाठवाव्यात. मग ती माणसं कुठल्याही धर्माची असोत, कारण अनुवादातला तो परका सण साजरा करणाऱ्यांच्या यादीतच लिहिलेला आहे.

पुढची गोष्ट व्यवहाराची आहे. हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत साधते, रब्बी ज्वारीला त्याहून कमी मुदत असते. अतिवृष्टीनंतर वाफसा येईल तशी शेतं पेरायला घेतली जातात आणि तेव्हा बियाण्याची पिशवी हातात हवी. पिकाच्या सणाचा लिलाव ज्या मंडळ्यांत पेरणीच्या आधी होतो त्यांनी अशा वर्षीची रक्कम पत्र्यांसाठी, रंगासाठी न ठेवता बियाण्यासाठी द्यावी. आणि वाचकहो, तुमच्या गावात चर्च असेल तर सणाच्या रविवारी मांडवात जाऊन बसा. आमंत्रणाची वाट पाहू नका, तिथे कुणी विचारत नाही. कोथिंबिरीच्या जुडीला बोली लावा, आणि ती जरा चढीच लावा.